चार हजार टनांची गाडी, २०० ला १ चा चढ: डब्ल्यूडीजी-३ए लोकोचं एक प्रकरण

मनमाडहून दौंडच्या दिशेनं निघालेली भरलेल्या टँकरची मालगाडी. मागे ५० बीटीपीएन वॅगन, पुढे एकच डब्ल्यूडीजी-३ए डिझेल लोको. पावसाळा नुकता लागलेला, संध्याकाळची बुरबुर सुरू. अंकाई मागे टाकून येवल्याच्या बाजूला गाडी एका स्टेशनच्या होम सिग्नलला उभी राहते, आणि नेमकी चढावर. दहा मिनिटांनी सिग्नल मिळतो. लोको पायलट नॉच (शक्ती वाढवण्याची पायरी) देतो, इंजिन घोंगावतं, धूर सोडतं, पण गाडी जागची हलत नाही.

हे एखाद्या ठरावीक तारखेचं वर्णन नाही. या जातीच्या लोकोवर जे वारंवार घडतं तेच एका गाडीत बसवून हे प्रकरण बांधलं आहे. २०० ला १ हा चढही हिशोबासाठी धरला आहे, मार्गाच्या आराखड्यातून घेतलेला नाही. लोको आणि वॅगनचे आकडे मात्र खरे आहेत. डब्ल्यूडीजी-३ए ही जात का जन्मली आणि तिची मर्यादा कुठे येते, ते या एका थांब्यावरून जितकं कळतं तितकं उत्पादनाच्या तक्त्यांवरून कळत नाही.

नाशिक जिल्ह्यातून जाणारी मुंबई–भुसावळ मुख्य लाइन विजेची. इगतपुरी ते भुसावळ तारा १९६० च्या दशकाच्या अखेरीसच आल्या. त्यामुळे नाशिकरोडच्या फलाटावर उभं राहून डिझेल मालगाडीचं राज्य कधी दिसलंच नाही. ते दिसायचं मनमाडला. १८७८ साली सुरू झालेली दौंड–मनमाड लाइन आणि १९९२ साली मीटरगेजची ब्रॉडगेज झालेली औरंगाबादकडची लाइन, दोन्ही अगदी अलीकडेपर्यंत विनातारांच्या होत्या. मुंबईहून पाइपलाइननं येणारं पेट्रोल-डिझेल मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोंत उतरतं आणि तिथून टँकर वॅगनमध्ये भरून पुढे जातं. म्हणजे जड माल, विनातारांची लाइन आणि मधूनच लागणारा सिग्नल. डब्ल्यूडीजी-३ए ज्या कामासाठी बनवली, ते काम हेच.

आधी गणित करू.

भरलेल्या एका बीटीपीएन वॅगनचं वजन ८१.२८ टन. ५० वॅगन म्हणजे ४,०६४ टन. ब्रेक व्हॅन सोडून देऊ. २०० ला १ चा चढ म्हणजे दर टनामागे ५ किलो मागे ओढणारं बल. उभी गाडी पहिल्यांदा हलवताना बेअरिंगमधलं तेल जागेवर बसलेलं असतं, त्यामुळे वॅगनचा सुरुवातीचा विरोध दर टनामागे ४ किलो धरतात. लोकोचा ६ किलो, कारण त्याच्या धुरांवर (चाकांच्या आसांवर) मोटर आणि गिअर लादलेले असतात.

वॅगनसाठी लागणारी ओढ: ४,०६४ गुणिले ९, म्हणजे ३६.६ टन. लोकोचं स्वतःचं वजन १२३ टन. १२३ गुणिले ११, म्हणजे १.३५ टन. एकूण ३७.९ टन.

डब्ल्यूडीजी-३ए ची सुरुवातीची जास्तीत जास्त ओढ ३७.८८ टन.

म्हणजे रूळ कोरडा, लोको ठणठणीत, पकडीसाठी चाकांखाली सोडायची वाळू चालू आणि लोको पायलटचा हात बसलेला, एवढं सगळं जमलं तर ही गाडी कशीबशी हलेल. हाताशी शिल्लक काहीच नाही. आता त्याच जागी आधीची लोको, डब्ल्यूडीएम-२, ठेवून पाहा. तिची सुरुवातीची ओढ ३०.४५ टन. तिला साडेसात टन कमी पडतात. ती गाडी हलवूच शकत नाही, कितीही अनुभवी माणूस बसवा.

दोन्ही लोकोंमधला फरक विचारला की बहुतेक जण अश्वशक्ती सांगतात: एक २६०० ची, दुसरी ३१०० ची. बरोबर आहे, पण या थांब्यावर त्या ५०० अश्वशक्तीचा काहीही उपयोग नाही. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. वेग शून्य असताना इंजिन कितीही मोठं असो, रुळावर लागणारी ओढ ठरते ती मोटरच्या पिळातून (टॉर्कमधून), गिअरमधून आणि चाकाच्या पकडीतून. अश्वशक्ती कामाला येते ती गाडी चालायला लागल्यावर. तेही मोजून पाहू. चालत्या वॅगनचा विरोध कमी वेगाला दर टनामागे साधारण १ किलोवर येतो. मग याच चढावर लागणारी ओढ सुमारे २५.४ टन. इंजिनाच्या शक्तीचा चार पंचमांश भाग रुळापर्यंत पोहोचतो असं ढोबळ धरलं, तर डब्ल्यूडीएम-२ हा चढ ताशी २२ किलोमीटरनं काढेल आणि डब्ल्यूडीजी-३ए २६ किलोमीटरनं. म्हणजे अश्वशक्तीनं दिला तो ताशी चार किलोमीटरचा फरक. पकडीनं दिला तो गाडी हलते की नाही हा फरक.

म्हणून या जातीचा इतिहास इंजिनापासून सांगायला लागलं की चुकतं. तो बोगीपासून, म्हणजे लोकोखालच्या चाकं आणि मोटर बसवलेल्या चौकटीपासून, सांगायला हवा.

डब्ल्यूडीएम-२ ही मूळची अमेरिकेतल्या अल्को कंपनीची. १९६२ साली पहिल्या लोको तिकडून आल्या आणि १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सनं पहिली इथं बाहेर काढली. नावातला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे मिश्र काम. दिवसा एक्सप्रेस, रात्री मालगाडी. कमाल वेग ताशी १२० किलोमीटर, वजन ११२.८ टन. त्या काळच्या मालगाड्यांना ती पुरली. १९८० च्या दशकात एअर ब्रेकच्या बॉक्सएन (उघड्या मालवाहू) वॅगन आल्या आणि ५८ वॅगनचा भरलेला रेक ४,७०० टनांवर गेला. त्याच्यासमोर मिश्र कामाची लोको म्हणजे खांद्याला खांदा लावून दोघींनी ओढायचं काम. दोन लोको जोडायच्या तर दुप्पट डिझेल, दुप्पट देखभाल, आणि दुसऱ्या गाडीसाठी पॉवर शिल्लक राहत नाही.

१९९५ च्या जुलैत वाराणसीहून १४५०१ क्रमांकाची लोको निघाली ती फक्त मालासाठी. तेव्हा तिचं नाव डब्ल्यूडीजी-२. पुढे नाव ठेवण्याची पद्धत बदलली, हजारात अश्वशक्ती आणि पुढची शंभरी अक्षरात, म्हणून ३१०० ची ती ३ए झाली. पुण्याच्या डिझेल शेडला या जातीच्या लोको भरपूर होत्या, तेव्हा दौंड–मनमाड लाइनवर त्या दिसणं साहजिकच होतं.

इंजिन तेच जुनं: अल्को २५१, सोळा सिलिंडर, ९ इंची बोअर, साडेदहा इंची स्ट्रोक, निवांत चालताना ४०० आणि आठव्या नॉचवर १०५० फेरे. शक्ती वाढली ती इंधन पंपाचा प्लंजर १५ वरून १७ मिलिमीटर झाल्यानं, मोठ्या टर्बोनं आणि हवा थंड करणाऱ्या आफ्टरकूलरनं. डीसी जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आणि रेक्टिफायर आले, कारण तेवढी शक्ती डीसी जनरेटरच्या कम्युटेटरला (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाला) झेपत नव्हती. हे सगळं त्याआधीच, १९९४ पासून, डब्ल्यूडीएम-२सी नावाच्या मिश्र लोकोतही आलं होतं. म्हणजे इंजिन हे या जातीचं वैशिष्ट्य नाही.

वैशिष्ट्य तीन ठिकाणी आहे. पहिलं, वजन ११२.८ वरून १२३ टन, म्हणजे दर धुरेवर २०.५ टन. दुसरं, गिअर ६५:१८ वरून ७४:१८. मोटर तीच असली तरी चाकावर पिळ १४ टक्के जास्त येतो आणि त्याच्या बदल्यात कमाल वेग १०० वर उतरतो. तिसरं, बोगी. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत तीन मोटरपैकी एकीचं नाक (मोटर बोगीवर टेकते ते टोक) उलट्या दिशेला असतं आणि धुरांमधली अंतरंही सारखी नसतात. ओढ वाढली की प्रत्येक मोटरची प्रतिक्रिया वेगळ्या बाजूला जाते, एक धूर रुळावर दाबली जाते आणि दुसरी हलकी होते. सगळ्यात आधी घसरते ती हलकी धूर, आणि एक घसरली की पूर्ण लोकोची ओढ पडते. डब्ल्यूडीजी-३ए च्या, पत्रे जोडून बनवलेल्या बोगीत तिन्ही मोटर एकाच दिशेनं बसवलेल्या आहेत आणि सस्पेन्शन दोन टप्प्यांचं आहे, त्यामुळे वजन धुरांवर बरंच सारखं राहतं.

आता आकडे जोडा. डब्ल्यूडीएम-२ ची ३०.४५ टन ओढ तिच्या वजनाच्या २७ टक्के. डब्ल्यूडीजी-३ए ची ३७.८८ टन तिच्या वजनाच्या जवळजवळ ३१ टक्के. एकूण वाढ २४ टक्के. त्यातले ९ टक्के नुसत्या वजनातून येतात. उरलेले १४ टक्के चांगल्या पकडीतून, आणि तेवढाच पिळ मोटरकडून काढायला गिअरनं १४ टक्के दिले. गिअर बदलला आणि बोगी तीच ठेवली असती, तर चाकं नुसती फिरली असती. बोगी बदलली आणि गिअर तोच ठेवला असता, तर पकड असून मोटरला जोर लागला नसता. ही जुळणी आम्हांला त्या ५०० अश्वशक्तीपेक्षा कितीतरी हुशारीची वाटते.

एक बारीक गोष्ट राहिली. इंधन टाकी ६,००० लिटरची आहे. भरलेलं डिझेल म्हणजे पाच टन वजन. टाकी तळाला गेली की तेवढं वजन चाकांवरून उतरतं आणि ओढीतला दीड टन जातो. आपल्या प्रकरणात तर शिल्लक शंभर किलोचीही नव्हती. टाकी भरून घेतलेली लोको आणि परतीच्या वाटेवरची लोको एकाच चढावर वेगळी वागते, त्यामागे हेही कारण असतं.

आता परत सिग्नलपाशी.

चढावर उभी राहिलेली जड गाडी हलवण्याची पद्धत ठरलेली आहे. लोकोचा स्वतंत्र ब्रेक, म्हणजे एसए-९, लावून गाडी धरायची. मग ए-९ नं गाडीचे ब्रेक सोडायचे आणि थांबायचं. ही थांबण्याची पायरी घाईत चुकते. ५० वॅगनमधल्या शेवटच्या वॅगनपर्यंत ब्रेक पाइपचा दाब चढायला वेळ लागतो. पुढच्या मीटरवर ५ किलो दिसले म्हणून मागचे ब्रेक सुटले असं नाही. एअर फ्लो इंडिकेटरचा काटा जागेवर येईपर्यंत आणि गार्डकडून, म्हणजे आताच्या ट्रेन मॅनेजरकडून, मागचा दाब कळेपर्यंत नॉच देऊ नये. मागच्या पाच-सहा वॅगनचे ब्रेक अर्धवट धरून असतील, तर वर केलेला सगळा हिशोब कोसळतो.

त्यानंतर वाळू आधी सोडायची, पहिला नॉच द्यायचा, अॅमीटर (मोटरचा प्रवाह दाखवणारा मीटर) चढायला लागला की एसए-९ हळूहळू सोडायचा. दुसरा, तिसरा नॉच. एकदम वरच्या नॉचवर गेलं की अल्कोचा टर्बो लगेच साथ देत नाही, काळा धूर निघतो आणि चाकांवर पिळ झटक्यानं येतो. झटका म्हणजे घसरण.

आणि बुरबुर. धो धो पावसात रूळ धुऊन निघतो, पकड बऱ्यापैकी राहते. वाईट असतो तो पहिला हलका पाऊस. रुळावरची धूळ, गंज आणि तेलकट थर यांचा तो लेप करतो. येवल्याच्या बाजूला फाटकांवरून कांद्याचे ट्रॅक्टर जातात, त्यांच्या टायरची माती रुळाच्या माथ्यावर बसते. अशा रुळावर पकड कोरड्याच्या निम्म्यावर येऊ शकते. वाळू हाच उपाय, पण वाळू कोरडी असली तर. पावसाळ्यात पेटीचं झाकण नीट बसलं नाही की वाळू दमट होऊन नळीत घट्ट बसते. केबिनमध्ये वाळूचं बटण दाबलं जातं, खाली काहीच पडत नाही. शेडमधून निघण्याआधी प्रत्येक नळीतून वाळू पडते का आणि ती चाक-रुळाच्या सांध्यावर पडते का, हे खाली वाकून बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवल्याची किंमत चढावर मोजावी लागते.

या गाडीत असं झालं: तिसऱ्या नॉचवर व्हील स्लिपचा दिवा लागला. नॉच कमी केला, पुन्हा दिला, पुन्हा दिवा. तिसऱ्या प्रयत्नात गाडी हातभर हलली, चाक घसरलं आणि लगेच पकडलं. ग्राउंड रिले पडला. घंटा वाजली, पॉवर गेली.

घसरलेल्या चाकाची मोटर क्षणात वेग घेते आणि तिच्यातला प्रवाह घटतो. चाक वाळूवर येऊन एकदम पकडलं की वेग झटक्यानं खाली येतो आणि प्रवाह उसळतो. कम्युटेटरवरच्या कार्बन ब्रशखाली ठिणगी लांबते, एका ब्रशपासून दुसऱ्यापर्यंत किंवा थेट मोटरच्या चौकटीपर्यंत जाते. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. प्रवाह चौकटीत उतरला की ग्राउंड रिले काम करतो. तो पडला म्हणजे काम बिघडलं असं नाही. तो पडला म्हणूनच मोटर अजून दुरुस्तीच्या अवस्थेत आहे.

घसरण टाळायला लोक दुसऱ्या टोकाची चूक करतात: नॉच देऊन ठेवायचा आणि गाडी हलेल म्हणून वाट बघायची. चाक फिरत नसताना मोटरमध्ये पूर्ण प्रवाह गेला की ब्रश कम्युटेटरच्या त्याच चार-दोन पट्ट्यांवर टेकलेले राहतात आणि सगळी उष्णता तिथंच साठते. काही सेकंदांतच त्या पट्ट्या करपतात. अशी मोटर त्या दिवशी निभावते, पुढे महिनाभरात ब्रश खायला लागते आणि मग शेडमध्ये कुणालाच कळत नाही की मूळ कारण एका चढावरचा थांबा होता.

रिले एकदा रीसेट केला, तो पुन्हा पडला. एकेक मोटर वेगळी करून पाहिल्यावर एक सदोष निघाली. तिला बाद करून बाकीच्या पाचांवर गाडी न्यायची ठरली.

इथं या प्रकरणाचं सगळ्यात महत्त्वाचं गणित येतं. सहापैकी एक मोटर बाद म्हणजे ओढीचा सहावा हिस्सा गेला. ३७.८८ गुणिले पाच भागिले सहा, म्हणजे ३१.६ टन. डब्ल्यूडीएम-२ ची ओढ होती ३०.४५. एक मोटर गेल्याबरोबर डब्ल्यूडीजी-३ए जवळजवळ जुनी डब्ल्यूडीएम-२ झाली. तीस वर्षांत ज्या साडेसात टनांसाठी नवी बोगी, नवा गिअर आणि दहा टन जास्त वजन घातलं, ते एका ब्रशच्या ठिणगीनं परत घेतलं. लोकोचं १२३ टनांचं वजन तसंच आहे, त्यातला सहावा भाग आता नुसता ओझं आहे.

सपाटीवर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पाच मोटरवर सपाट रुळावर चार हजार टन आरामात निघतात आणि थोडा वेग कमी पडतो, एवढंच. त्यामुळे शेडकडे कळवताना 'एक मोटर बाद, बाकी ठीक' असं जातं. चढावर मात्र 'बाकी ठीक' ला काही अर्थ उरत नाही.

पुढे दोनच मार्ग राहतात. एक, मदतीची लोको मागवणं. ती मिळेपर्यंत लाइन अडते. एकेरी लाइनवर तेवढ्या वेळात दोन्ही दिशांच्या गाड्या स्टेशनांत खोळंबतात. दुसरा, गाडी दोन भागांत नेणं. मागचा भाग हँडब्रेक कसून आणि चाकांखाली पाचर देऊन बांधायचा, नियमाप्रमाणे संरक्षण द्यायचं, पुढचा भाग पुढच्या स्टेशनात नेऊन ठेवायचा, परत यायचं. पेट्रोलचे टँकर चढावर लोकोविना उभे ठेवायचे, ही गोष्ट कागदावर जेवढी साधी दिसते तेवढी नसते. प्रत्येक हँडब्रेक खरंच लागला का हे चाकाला ब्रेक शू टेकला का ते बघूनच ठरतं, हँडब्रेकचं चाक फिरवल्याच्या भरवशावर नाही. ३१.६ टनांत पाच मोटरची लोको या चढावर साधारण ३,३०० टन हलवू शकते, तेही कोरड्या रुळावर. बुरबुर असताना ५० वॅगनचे सरळ २५–२५ करणं शहाणपणाचं. ४० आणि १० करायला गेलं की तीच चूक परत होते.

ती मोटर शेडमध्ये खाली उतरते तेव्हा चाकासकट येते. मोटर धुरेवर टांगलेली असते: अर्धं वजन धुरेवरच्या सस्पेन्शन बेअरिंगवर, अर्धं नाकावर, रबराच्या थरांमधून बोगीवर. म्हणून रुळाच्या सांध्यांचा प्रत्येक धक्का थेट मोटरला बसतो, आणि इन्सुलेशन फाटण्यामागे विजेइतकाच या धक्क्यांचा हात असतो. लोको जॅकवर उचलून बोगी बाहेर काढली किंवा ड्रॉप पिटवर एकच धूर खाली घेतली की गिअर केस उघडतात. ग्रीसमध्ये पितळी किंवा पोलादी चमक आहे का ते आधी पाहावं. पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर) दांड्यावर घसरला असेल तर तिथं खुणा दिसतात, आणि मग दोष निव्वळ विजेचा नसतो.

नाशिकरोडला मध्य रेल्वेचा कर्षण मशीन कारखाना आहे. कर्षण मोटर उघडणं, नव्यानं गुंडाळणं, तपासणं हेच त्याचं काम. अशा कामाची क्रमवारी ठरलेली असते. आल्याबरोबर, धुण्याआधी, मेगरनं (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनं) इन्सुलेशन मोजायचं. मग धुऊन भट्टीत तापवून परत मोजायचं. आकडा वर चढला तर दोष ओलावा आणि कार्बनच्या धुळीचा होता. पावसाळ्यात येणाऱ्या कितीतरी मोटर एवढ्यावरच सुटतात. चढला नाही तर कॉइल फुटलेली आहे. आर्मेचरची (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाची) बँडिंग काढून ती शोधावी लागते, खाचेतून कॉइल काढून नवी बसवायची, तिची टोकं कम्युटेटरच्या रायझरला टिग वेल्डिंगनं जोडायची. त्यानंतर व्हॅक्यूम टाकी: आधी निर्वात करून आतली हवा आणि ओल काढायची, मग दाबाखाली व्हार्निश भरायचं, मग भाजायचं. हवेचा एक बुडबुडा आत राहिला तर तिथं उष्णता अडकते आणि पुढचा दोष नेमका तिथून निघतो.

कम्युटेटर लेथवर फिरवून गोल केला की पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या पातळीखाली कापावा लागतो आणि कडा किंचित मोडाव्या लागतात. अभ्रक तांब्यापेक्षा कडक असतो. तो वर राहिला तर ब्रश उडतो, ठिणगी पडते, आणि महिन्याभरात मोटर परत दारात. शेवटी रेझिग्लासची (राळ भरलेल्या काचतंतूंची) पट्टी ताणून गुंडाळणं, समतोल तपासणं, उच्च दाबाची चाचणी, बिनभार चालवणं आणि ब्रश कम्युटेटरच्या गोलाईला बसवणं.

शेडला परत आल्यावर एका गोष्टीत गल्लत होते. दुरुस्त लोको लोड बॉक्सवर चढवतात आणि आठव्या नॉचवर पूर्ण शक्ती मिळाली की 'लोको ठीक' असा शेरा पडतो. पण लोड बॉक्समध्ये अल्टरनेटरची वीज प्रतिरोधकांत जाळली जाते, मोटर त्या जोडणीत नसतातच. इंजिन, टर्बो, गव्हर्नर, अल्टरनेटर तपासून होतात, मोटर नाही. मोटरची परीक्षा भरलेल्या गाडीवरच होते. आणखी एक: नवी चाकं १,०९२ मिलिमीटर व्यासाची. एका धुरेची मोटर बदलताना नवं चाक आणि शेजारी झिजलेली चाकं आली की त्यांचा वेग जुळत नाही, समांतर जोडलेल्या मोटरमध्ये भार असमान वाटला जातो आणि चढावर सगळ्यात आधी तीच धूर घसरते. मोटर नवी आणि दोष तोच.

हा सगळा हिशोब कसाऱ्याच्या घाटात लावून पाहण्याचा मोह होतो. तिथं ३७ ला १ चा चढ, दर टनामागे २७ किलो. तीच डब्ल्यूडीजी-३ए तिथं फक्त १,१०० टनांच्या आसपास गाडी हलवेल. आपली टँकरगाडी न्यायला चार लोको लागतील. ज्या घाटात तारा १९३० च्या आसपासच आल्या आणि जिथं मागून ढकलायला बँकर लावावे लागतात, तिथं डिझेल मालवाहू जात का रुजली नाही याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

या जातीची खरी स्पर्धा १९९९ मध्ये आली. अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाकडून डब्ल्यूडीजी-४ आली: तेरा लोको पूर्ण बांधलेल्या, आठ सुट्या भागांत. ४,००० अश्वशक्ती, १२६ टन वजन, आणि सुरुवातीची ओढ ५४ टन. वजन फक्त तीन टन जास्त, ओढ सोळा टन जास्त. फरक एसी मोटरचा: तिला कम्युटेटर नाही, ब्रश नाही, फ्लॅशओव्हर नाही, आणि घसरण सुरू व्हायच्या आत संगणक पिळ कमी करतो. आपल्या सिग्नलवर ती एकटी सहज निघाली असती. तिच्यातही एक गोम आहे. सुरुवातीच्या लोकोत एका बोगीला एक इन्व्हर्टर, म्हणजे मोटरला एसी वीज पुरवणारं यंत्र. तो गेला की तीन मोटर एकदम जातात आणि ५४ चे २७ टन उरतात. पाच मोटरच्या आजारी डब्ल्यूडीजी-३ए पेक्षाही कमी.

तरीही डब्ल्यूडीजी-३ए पुढची बरीच वर्षं बनत राहिली. कारण साधं होतं: अल्कोचे सुटे भाग, हत्यारं आणि हात प्रत्येक डिझेल शेडमध्ये होते, इन्व्हर्टर उघडणारे हात मोजक्या ठिकाणी. मनमाडला रात्री अकरा वाजता बंद पडलेली लोको सकाळपर्यंत निघायला हवी असेल, तर ही गोष्ट ओढीच्या आकड्याइतकीच वजनदार ठरते.

तिला खरी माघार घ्यावी लागली ती तारांमुळे. डिसेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या ६९ दिवसांत वाराणसीच्या कारखान्यानं दोन डब्ल्यूडीजी-३ए सोलून त्यांची १०,००० अश्वशक्तीची जोड विद्युत लोको केली, नाव डब्ल्यूएजीसी-३, आणि पंतप्रधानांनी तिला १९ फेब्रुवारी २०१९ ला हिरवा झेंडा दाखवला. दौंड–मनमाड लाइनवरही तारा आल्या. उरलेल्या डब्ल्यूडीजी-३ए आता बऱ्याचदा यार्डात वॅगन जोडताना, कामाच्या गाडीला किंवा अडलेल्या लाइनवर मदतीला जाताना दिसतात. तिथं सुरुवातीची ३७.८८ टन ओढ अजूनही उपयोगाची आहे, आणि ताशी १०० ची मर्यादा कुणाला आडवी येत नाही.